पायरीवरचा पाय

बसमध्ये बेल एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. कंडक्टरनं दोरी ओढायची, ड्रायव्हरनं ऐकायचं. एवढ्या दोन खुणांवर त्या नवराबायकोनं नोकरी केली आणि पुढं संसारही रेटला.

ड्रायव्हरला डेपोत सगळे घुम्या म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे भरलेली गाडी चढणीवर घातल्यासारखं व्हायचं त्याचं. पहिला गिअर, जोर, धूर आणि शेवटी एवढंसं "हं". त्याच्या गाडीवर बाई कंडक्टर दिली तेव्हा टवाळांना चेव आला. "एकाला बोलता येत नाही, दुसरीला गप्प बसता येत नाही. जोडी झकास जमली," असं पाना म्हणाला. पाना म्हणजे डेपोतला मेकॅनिक, घुम्याचा एकुलता एक दोस्त. लग्नाकार्यालासुद्धा खिशात पाना घालून जायचा, म्हणून ते नाव.

पहिल्याच दिवशी बाई केबिनच्या जाळीशी येऊन म्हणाली, "ड्रायव्हर, एक सांगून ठेवते. मी डबल दिली म्हणजे पायरी रिकामी आहे. कुणाचा पाय पायरीवर असताना माझ्या हातून बेल जाणार नाही. तेव्हा आरशात डोकावून खात्री करायची नाही. मला अपमान वाटतो."

"हं," घुम्या म्हणाला.

बाईनं शब्द पाळला. काठी टेकत एखादा म्हातारा चढायला लागला की आधी काठी वर, मग एक पाय, मग दम, मग दुसरा पाय. आतली माणसं ओरडायची, "अहो बाई, आम्हाला आजच पोचायचंय!"

"पोचाल की. ह्यांना सोडून पोचलात तर तिथं जाऊन काय सांगणार?"

म्हातारा टेकला की मगच टिंग टिंग. एकदाच घुम्याचे डोळे चुकून आरशाकडे गेले, आणि नेमकं ते बाईनं बघितलं. त्या दिवशी ड्युटी संपेपर्यंत बेलशिवाय एक आवाज मागून आला नाही. आयुष्यभर शांतता आवडणाऱ्या माणसाला शांतता खायला उठते हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्यानं मागं बघणंच सोडलं. दोन म्हणजे दोन. निघायचं.

लग्नाचं विचारलं तेही शेवटच्या थांब्यावर, गाडी रिकामी झाल्यावर. घुम्या स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "बाई, मी काय म्हणतो..." आणि इंजिन बंद पडावं तसा बंद पडला. बाईनं थोडी वाट पाहिली आणि वर हात करून दोरी ओढली. टिंग टिंग. मग पुढचं वाक्य निघालं.

लग्नानंतरही तो तिला "बाई, तुम्ही" म्हणायचा आणि ती त्याला "अहो ड्रायव्हर". एक मुलगी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली. दोघं निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी बाईला भंगारात निघालेल्या त्यांच्याच गाडीची बेल दिली, दोरीसकट. पान्यानं ती घासूनपुसून लखलखीत करून आणली होती. बेल कपाटावर जाऊन बसली. मध्यंतरी घुम्याचं छातीचं ऑपरेशन झालं. मधोमध टाके, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जिना दमानं चढायचा. त्या घरात धावपळीचं सगळं आता बाईकडं होतं.

आणि मग साथ आली.

रस्ते ओस पडले. खिडकीतून बसचा थांबा दिसायचा, त्यावर माणूस नाही. दोघं घरातच होती. बाहेर जायची ती फक्त बाई, आणि तीही त्याच्या गोळ्या आणायला. एका सकाळी तिच्या अंगात कणकण आली, दुसऱ्या दिवशी चहाला चव लागेना.

"चढला वाटतं," ती म्हणाली. "आयुष्यभर एकाला फुकट बसू दिलं नाही, आणि हा बिनतिकिटाचा बसलाय की हो अंगात."

डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, बाईंनी आतल्या खोलीत राहायचं, दार लावून. काकांनी बाहेर. काकांच्या छातीला हे झेपणार नाही, तेव्हा दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि दोघांपैकी कुणीही घराबाहेर पडायचं नाही.

बाईला बोलताना खोकल्याची ढास लागायची. मग घुम्यानं कपाटावरची बेल काढली. बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर भिंतीला ठोकली. दोरी दारावरच्या झरोक्यातून आत सोडली आणि दाराबाहेरून ओरडला, "बाई, ओढून बघा."

टिंग टिंग.

त्या आवाजानं घरात जीव आला. आजारी होती बाई, पण काळजी तिला त्याची. ह्या माणसाला एकटं सोडलं तर हा खुर्चीत बसून भिंतीचा रंग होऊन जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आत पडल्या पडल्या तिनं त्याची ड्युटी लावली.

सकाळी डबल : उठा. "आंघोळ झाली!" असं बाहेरून तो ओरडला आणि मोरीतलं पाणी वाजलेलं नसलं, की सिंगल. तो गुपचूप टॉवेल घेऊन परत फिरायचा. टीव्हीवर बातम्या लागल्या, किती माणसं गेली ते आकडे सुरू झाले, की सिंगल. टीव्ही बंद. आयुष्यात त्यानं चहापलीकडे काही शिजवलं नव्हतं. पहिला भात लावला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. आतून सिंगल. त्याला कळेना काय थांबवायचं. पुन्हा सिंगल, मग खोकत खोकत आवाज, "अहो ड्रायव्हर, करपतोय! नाक कुठं ठेवून आलात?"

"तुम्हाला वास आला?" तो हरखून म्हणाला. वास आला म्हणजे बरं लक्षण, असं डॉक्टर म्हणाले होते.

"वास कुठला. तडतड ऐकू आली."

तो करपलेला भात त्यानं वरचा वर काढून ताटलीत घालून दाराशी ठेवला आणि पाच पावलं मागं सरला. दार किलकिलं झालं. हात आला, ताटली आत गेली. थोड्या वेळानं टिंग टिंग. म्हणजे खाल्ला.

दुपारी फेऱ्या. खिडकी म्हणजे डेपो, आतल्या खोलीचं दार म्हणजे शेवटचा थांबा. घुम्यानं खिडकीपासून दारापर्यंत चालायचं, दाराशी उभं राहायचं, आतून डबल आली की परत निघायचं. टाके पडल्यापासून चालणं गरजेचं होतं, आणि बेल मिळाल्याशिवाय हा चालणार नाही हे तिला माहीत होतं. कधी कधी ती मुद्दाम बेल द्यायला वेळ लावायची.

"काय झालं?" तो विचारायचा.

"गर्दी आहे. चढू द्या जरा लोकांना."

घुम्या दाराबाहेर उभा राहून हसायचा. समोरच्या काकूंना ते हसू जिन्यात ऐकू यायचं, आणि त्यांना वाटायचं, रेडिओ लागलाय.

आणखी एक ड्युटी होती, ती त्याला सगळ्यांत जड. रोज एका माणसाला फोन करायचा.

"पान्याला केलात का?" बाई दारामागून विचारायची. "बायको गेल्यापासून एकटा आहे तो. अशा दिवसांत एकटा काय करत असेल?"

"तो करेल की. जिवंत असला तर."

"आणि तोही असंच म्हणत बसला असेल तर? बसा दोघं एकमेकांच्या मरणाची वाट बघत."

मग तो फोन करायचा. "काय पान्या." "काय घुम्या." "बरा?" "बरा." "हं." फोन खाली. आतून बाई म्हणायची, "एवढ्यात? थांब्यावर गाडी तरी जास्त वेळ उभी राहते हो!"

हळूहळू बाईचं बोलणं कमी झालं. मग थांबलं. बेल तेवढी राहिली. दोन टोल्यांमध्ये आधी जागाच नसायची, टिंगटिंग. आता त्यात श्वास मावायला लागला. टिंग. टिंग. घुम्याला ते ऐकू येत नव्हतं असं नाही. इंजिनाच्या आवाजातला केसाएवढा फरक ओळखणारा कान त्याचा. पण दोन म्हणजे दोन. बाईनं डबल दिली म्हणजे पायरी रिकामी आहे, आणि खात्री करायला डोकावणं हा बाईचा अपमान. त्या संध्याकाळी तो दाराशी उभा राहून म्हणाला, "बाई, बरं आहे ना?"

टिंग.

तो थांबला. दोरी वर झरोक्यात हलली, थांबली, पुन्हा हलली.

टिंग.

"हं," घुम्या म्हणाला आणि खिडकीकडे परत निघाला.

सकाळी बेल वाजली नाही. घुम्या आंघोळ करून, दाढी करून दाराशी उभा राहिला. बेल नाही म्हणजे निघायचं नाही, थांबायचं, हेच त्याच्या हाडात मुरलेलं. झोप लागली असेल, लागू दे. चहा थंड झाला, त्यावर साय धरली. तरी तो हात मागं बांधून उभाच. दाराच्या पलीकडे काही हालचाल आहे का, याकडे कान लावून.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, गाडी निघालीय, पोचेलच. तोंडाला फडकं बांधा आणि आईचं दार उघडा."

कसली गाडी, तुला कुणी सांगितलं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दार उघडलं. बाई पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. दोरी मनगटाला गुंडाळलेली. श्वास चालू होता, पण भात्यासारखा. डोळे उघडून तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, मागं व्हा.

प्लास्टिकचे झगे घातलेली दोन माणसं आली. त्यांनी दोरी सोडवली, बाईला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. घुम्या मागून निघाला तर एकानं हात आडवा केला. "काका, तुम्ही नाही. तुम्ही घरात. दार लावून."

तो खिडकीशी गेला. खाली ॲम्ब्युलन्सचं मागचं दार बंद झालं. त्या माणसानं गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली आणि गाडी निघाली.

बाई परत आली नाही. काही दिवसांनी दवाखान्यातून मुलीला कळवलं आणि मुलीनं त्याला. तोंड बघायलाही नेता येणार नव्हतं कुणाला. मुलीच्या शहराचे रस्ते बंद. घुम्याची तपासणी झाली, त्याला काही झालेलं नव्हतं. नियमानं तरीही घरातच राहायचं, एकट्यानं. काही झालेलं नव्हतं, हेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

तो बेलच्या खाली खुर्ची ओढून बसला.

समोरच्या काकू रोज दाराबाहेरच्या स्टुलावर जेवणाचा डबा ठेवायच्या, दारावरची बेल न वाजवता कडी खुळखुळवायच्या आणि आपल्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. डबा तसाच. संध्याकाळी त्या तो उचलून न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवा ठेवायच्या. मुलगी फोन करायची.

"जेवलात?"

"हो."

"गोळ्या?"

"हं."

"आंघोळ?"

"हो."

आतून सिंगल वाजवायला कुणी नव्हतं.

काकूंनीच शेवटी मुलीला सांगितलं. "तुझे बाबा तुला बनवतायत गं. डबा उघडतसुद्धा नाहीत. गोळ्या संपून गेल्या असतील, मेडिकलवाल्याची पिशवी कालपासून स्टुलावर पडलीय. असं चाललं तर त्यांच्या छातीला साथ लागायची गरजच नाही."

मुलीनं लगेच फोन लावला आणि त्यानं उचलल्या उचलल्या सुरू झाली. "माझ्याशी खोटं बोलता? ह्या वयात?"

"मी एकटाच बोलतो का खोटं?"

"म्हणजे?"

आणि मग जन्मभर न बोललेला माणूस फुटला. जिन्यात उभ्या असलेल्या काकूंनी सगळं ऐकलं.

"तिनं खोटी बेल दिली! पायरीवर पाय होता, स्वतःचाच होता, आणि डबल दिली मला. मी विचारलं, बरं आहे ना म्हणून. आणि मी निघालो. शहाण्यासारखा चालत खिडकीपर्यंत गेलो. एवढी वर्षं कुणाचा पाय अडकू दिला नाही. आणि मला..." त्याचा आवाज चिरकला. "मला कशाला फसवलंस तू?"

हे 'तू' मुलीला नव्हतं. बाईला त्यानं कधीच 'तू' म्हटलं नव्हतं, ते तेव्हा म्हटलं.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"त्या संध्याकाळी आईनं मला तिच्या मोबाईलवरून फोन केला होता, कुजबुजत. दोन शब्द बोलायची, दम खायची. मी डॉक्टरांना लावला, गाडीसाठी सगळीकडं लावला. सकाळशिवाय गाडी नाही म्हणाले. मी आईला म्हटलं, बाबांना हाक मार, एकच वाजव. तर म्हणाली, एक वाजवली की ते दार उघडून आत येणार. मला उचलणार, छातीशी धरून बसणार सकाळपर्यंत. ती छाती शिवलेली आहे. नको म्हणाली. सकाळी गाडी निघाल्यावरच सांग म्हणाली."

घुम्या भिंतीवरच्या बेलकडे बघत राहिला.

"तुम्हीच शिकवलंत ना मला? चाकं ड्रायव्हरची, पण गाडी कंडक्टरच्या ताब्यात. कुणाला घ्यायचं, कुठं थांबायचं, कधी निघायचं, ते तिनं ठरवायचं. ठरवलं तिनं."

"पायरी रिकामी नव्हती."

"नव्हती. तिला दिसत नव्हतं का? पण गाडीत तुम्ही बसला होतात, बाबा."

"मी ती बेल धरत नाही," घुम्या म्हणाला आणि फोन ठेवला.

जरा वेळानं काकूंनी दारावर थाप मारली. डोळे पुसलेले होते, पण आवाज ठणठणीत. "भाऊजी, हा डबा मी तिसऱ्यांदा गरम केलाय. आता नाही घेतलात तर माझ्या नवऱ्याच्या पोटात जाणार, आणि तो आधीच दारात अडकायला लागलाय."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. हात बाहेर आला, डबा आत गेला. पिशवीही गेली. तो जेवला. रागानं जेवला, बेलकडे पाठ करून. घास गिळताना कुणाशी तरी भांडल्यासारखा. गोळी घेतली ती तशीच, पाण्याचा पेला आपटून.

राग गेला नाही. पण रागाला जेवावं लागतं, आंघोळ करावी लागते, हे बरं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फेरी सुरू केली. खिडकीपासून दारापर्यंत. दार आता सताड उघडं होतं. पलंग रिकामा, झरोक्यातून लोंबणारी दोरी. तो उभा राहिला. बेल येणार नव्हती. बेलशिवाय गाडी हलवणं म्हणजे गुन्हा, असा गुन्हा त्यानं नोकरीत एकदाही केला नव्हता. तो उभाच राहिला. मग सावकाश मान वळवून त्यानं मागं बघितलं. उंबऱ्याकडे, पलंगाच्या पायथ्याकडे, जिथं ती बसली होती तिथं. नीट बघितलं. कुणाचा पाय नव्हता.

"बाई, बिनबेलीचा निघतोय," तो म्हणाला. "करा रिपोर्ट."

आणि निघाला.

संध्याकाळी त्यानं फोन उचलून नंबर फिरवला. दोरीखाली, दाराच्या चौकटीला टेकून.

"काय पान्या."

"काय घुम्या." थोडं थांबून, "कळलं मला. मी करणारच होतो फोन. पण काय बोलायचं ते..."

"असू दे. तू बरा?"

जराशी जागा गेली. एका श्वासाएवढी.

"बरा," पाना म्हणाला.

एरवी इथं 'हं' यायचा आणि फोन खाली जायचा. घुम्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पान्या, मला डबल देऊ नकोस. आज जेवलायस का?"

"अरे, हो की."

"काय जेवलास?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग पाना रडायला लागला, जुनं इंजिन धक्के खात सुरू व्हावं तसा.

घुम्याला पुढं काय बोलायचं ते सुचेना. नाहीतरी त्याला कधी सुचत नसे. तो चौकटीला टेकून तसाच उभा राहिला, फोन कानाशी घट्ट धरून. खिडकीतला उजेड ओसरत होता. घाई नव्हती. माणूस अजून चढत होता.